बंगल्यावरचं गवत

गवत जनावराने खायचं असतं किंवा माणसाने उपटायचं असतं. त्याचं तिसरं काही करता येतं हे मला वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं ते बरं झालं असं आज सत्तरी जवळ आली तरी वाटत नाही. आमच्या धानाच्या मुलखात बाया चिखलात वाकून, कंबर मोडेस्तोवर गवत निंदतात. त्यातली हरळी तर अशी चिवट की उपटून बांधावर फेकली तर बांधावर रुजते. त्याच हरळीला खत घालून, पाणी पाजून, कातरीने कापून, वर तिच्यावर कोणी पाय देऊ नये म्हणून एका मोठ्या माणसाला पगारावर ठेवणारे लोकही असतात. मँगनीज खाणीच्या अशा एका साहेबाच्या बंगल्यामागे, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये माझी चार वर्षं गेली.

हे आज लिहायला बसायचं कारण माझा मुलगा. साकोलीला हायवेला लागून त्याने जागा घेतली आणि घर बांधलं. त्याला तो फार्म हाऊस म्हणतो. फार्म म्हणावं तर तिथे मिरचीची चार झाडं नाहीत. समोर सगळी लॉन. मागच्या रविवारी मला गाडीत घालून घेऊन गेला आणि फाटकातच म्हणाला, "आई, चप्पल काढ ना जरा." बघते तर गवतावर पट्टे. एक फिका, एक गर्द, एक फिका, एक गर्द. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला म्हणे. मग मला शिकवायला लागला. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापायचा. ओल्या गवतावर मशीन घालायचं नाही. मशीनच्या पात्याला धार नसली तर गवताची टोकं फाटतात आणि पिवळी पडतात. दर आठवड्याला दिशा बदलायची, नाहीतर गवताला एकाच अंगावर झोपायची सवय लागते. मी हं हं करत ऐकलं, चहा प्याले, चप्पल घातली. हे शास्त्र आमच्या घरात त्याच्या जन्माच्या आधीच येऊन गेलं होतं, हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने माझाही व्हिडिओ काढला असता.

खाण नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाच्या अंगाला होती. बाबा आधी खाली, म्हणजे खाणीच्या पोटात, दगडाला भोकं पाडायच्या मशीनवर होते. मँगनीजची धूळ काळी असते. ती कपड्यातून जात नाही, नखातून जात नाही, आणि छातीतून तर नाहीच नाही. पहाटे बाबांचा खोकला सुरू व्हायचा आणि त्याने मी उठायची. गजराच्या घड्याळाची आमच्या घरी कधी गरज पडली नाही. खोकला थांबला की माय चुलीतली राख काढायची, मग भोंगा व्हायचा, मग बाबा डबा घेऊन जायचे. दुपारी सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि माय वरणाच्या गंजावर हात ठेवून ती थांबेपर्यंत उभी राहायची. एका सकाळी थुंकीत काळ्याबरोबर लाल दिसलं. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं की या माणसाला हलकं काम द्या आणि धुळीपासून लांब ठेवा. तोंडाने सांगितलं की हा पुन्हा खाली गेला तर फार वर्षं काढणार नाही. कागद कंपनीने ठेवून घेतला. तोंडचं वाक्य मायने ठेवून घेतलं आणि ते ती दर दोन दिवसांनी कोणाला ना कोणाला ऐकवायची.

हलकं काम म्हणजे साहेबाच्या बंगल्यावर माळी. आम्ही बंगल्यामागे राहायला आलो आणि चार महिन्यांत बाबांचा खोकला एवढा उतरला की पहाटे मला उठवायला मायला हाका माराव्या लागायच्या. अंगावर मांस आलं. लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात, तोंडी लावायला जवसाची चटणी, एवढ्यावर बाबा पुन्हा ताट भरून जेवायला लागले. बंगल्याच्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या पावाचा वास आमच्या दारापर्यंत यायचा. साहेबाची बायको, बाईसाहेब, कधीमधी शिळा केक आणून द्यायची. माय तो दोन्ही हातांनी घ्यायची, "लय झालं जी बाईसाहेब" म्हणायची, आणि ती वळली की कोंबड्यांना टाकायची. कोंबड्यासुद्धा आधी दोन वेळा चोच मारून बघायच्या.

साहेब पुण्याकडचा. या वयात मी त्याला अहोजाहो करणार नाही, तेव्हा पुष्कळ केलं. खाणीतून एका दिवसाला किती दगड निघतो हे त्याला कागद पाहिल्याशिवाय सांगता यायचं नाही, पण गवतात एखादं वेगळं पान उगवलं तर तो ते व्हरांड्यातून ओळखायचा. बाबा काही बोलले की तो डोळे मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, "पुन्हा सांग, नीट मराठीत." बाबा पुन्हा तेच, जरा मोठ्याने सांगायचे. उन्हाळ्यात वस्तीतल्या बाया हापशावर एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि कंपनीचा टँकर आधी गवताला पाणी पाजून मग वस्तीकडे वळायचा. ते गवत होतं केवढं, तर मोहाडीजवळच्या आमच्या गावी काकाकडे जी सगळ्यात लहान बांधी, म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा, होती तेवढं. त्या बांधीत निदान पोतंभर धान व्हायचं.

साहेबाचा तिरस्कार करणं सोपं होतं. बाबांचाही मी करायला लागले होते, ते लिहायला जड जातं, पण खोटं कशाला लिहू. बाबा गवतावर गुडघे टेकून, कातरीने कडा कापत पुढे सरकायचे. कापलेली पाती बोटांनी वेचायचे. कोणाची गाय कुंपणातून तोंड घालताना दिसली तर काठी घेऊन धावायचे, आणि ती गाय बहुधा आमच्याच ओळखीच्या कोणाची असायची. एकदा माय भरली घागर घेऊन गवतावरून सरळ आली तर तिच्यावर ओरडले.

"अवो, गवतावरून कायले येऊन राहिली? कडेनं ये ना!"

"काहून जी? दुखते का तुमच्या गवताले?" माय म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून ती भरली घागर घेऊन सगळ्या कुंपणाला वळसा घालून यायला लागली. आणि साहेब काहीही म्हणाला की बाबांचं उत्तर ठरलेलं. "हो जी." सकाळी हो जी, दुपारी हो जी. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली असायची आणि ते हो जी ऐकून माझे कान तापायचे.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी साहेबाकडे कुठल्याशा परदेशी मशीनवाल्यांचं कॅलेंडर आलं. त्यावर एक मोठं घर आणि घरापुढे पट्ट्यापट्ट्यांची लॉन. साहेबाने ते व्हरांड्यात टांगलं आणि बाबांना बोलावलं. होळीच्या आधी नागपूरहून मोठे साहेब पाहणीला येणार होते. "तोवर आपली लॉन अशी दिसली पाहिजे," साहेब म्हणाला. कशी करायची हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे म्हणण्याची पद्धत त्याच्या घराण्यात नसावी. बाबा म्हणाले, "हो जी."

घरी आमची त्यावर बैठक बसली. माय म्हणाली, "दोन जातीचं गवत असन."

"नाही वं," बाबा म्हणाले. "खताचा फरक आहे. एका बांधीत युरिया पडला अन् बाजूच्या बांधीत नाही, तं कशी दिसते? एक गर्द, एक फिकी. तसंच हे."

आम्हा दोघींना ते एकदम पटलं. धान पिकवणाऱ्याला हिरव्या रंगात फरक दिसला की त्याला युरियाशिवाय दुसरं काही आठवतच नाही. बाबा रविवारी एसटीने काकाकडे गेले आणि धानातून उरलेलं युरियाचं अर्धं पोतं घेऊन आले. धान रोवताना बांधतात तसे दोर ताणले, आणि एक पट्टा सोडून एका पट्ट्यात मुठीने मोजून युरिया टाकला. आठ-दहा दिवसांत पट्टे उमटले. खरोखर उमटले. साहेब व्हरांड्यातून "गुड" म्हणाला. एवढा एक शब्द, त्यावर बाबा त्या दिवशी भात दोनदा मागून जेवले आणि मायला म्हणाले, "शिकला-सवरला माणूस आहे, पण त्याले हे जमत नव्हतं." मला ते ऐकून किळस आली. कोणाच्या गुडवर माणसाने एवढं जेवावं!

पुढे जे व्हायचं ते झालं. खत खाल्लेला पट्टा भराभर वाढला आणि बाजूचा तिथेच राहिला. घोट्याएवढं, मग बोटभर, पुन्हा घोट्याएवढं, असं ते गवत दिसायला लागलं. कापलं की रंग फिका. रंग यावा म्हणून बाबांनी आणखी युरिया टाकला. नेमका टँकर दोन दिवस बंद पडला, वरून ऊन. तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टे होते, पण हिरवे आणि पांढरट-पिवळे. गवत करपलं होतं. साहेब बाहेर आला, बघितलं, आणि त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. "आठ दिवस आहेत," तो म्हणाला. "मोठे साहेब येईपर्यंत हे त्या चित्रासारखं झालं नाही, तर तू परत खाली. माळी मला दुसरा मिळेल."

"हो जी," बाबा म्हणाले.

संध्याकाळी मायने अंबाडीची भाजी केली होती. कोणी जेवलं नाही. माय मध्येच म्हणायची, "खाली?" आणि थोड्या वेळाने पुन्हा, "खाली धाडते म्हणे?" डॉक्टरचं वाक्य त्या दिवशी तिने उच्चारलं नाही, तरी ते आम्हा तिघांना ऐकू येत होतं. एका साहेबाला गवतावर रेघा हव्या होत्या आणि त्यासाठी माझ्या बापाची छाती पणाला लागली होती. एवढी हलकी गोष्ट आणि एवढी जड गोष्ट एका दोराला बांधायला साहेबच लागतो.

दोन दिवसांनी सकाळी माय अंगण सारवत होती. मी दारात इतिहासाचं पुस्तक घेऊन बसले होते आणि वाचत नव्हते. ऊन तिरपं होतं. माय उकिडवी बसून शेणाचा हात डावीकडून उजवीकडे नेत एक ओळ घालायची, मग मागे सरकून उजवीकडून डावीकडे दुसरी. शेण तेच, बादली तीच, हात तोच. पण एक ओळ चकाकत होती आणि दुसरी काळपट दिसत होती. हे मी जन्मापासून बघत आले होते. त्या दिवशी मात्र उठून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून बघितलं. चकाकणारी ओळ काळपट झाली होती आणि काळपट ओळ चकाकत होती.

मी पळत गवतावर गेले. बसून तळहाताने गवत एका बाजूला दाबलं, शेजारीच दुसऱ्या बाजूला दाबलं. दोन पट्टे. एक फिका, एक गर्द. मी बाबांना ओरडून हाक मारली. त्यांनी बघितलं, उलट बाजूला जाऊन बघितलं, आणि उकिडवे बसून राहिले.

"बस? एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच. रंग नाहीच आहे त्यात. वाकवलं आहे फक्त. एक ओळ आपल्याकडे, एक तिकडे."

मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, "एवढ्यासाठी मी गवत जाळलं." मग तळहाताच्या त्या खुणा बघत बसले आणि खुणा हळूहळू पुसट होत गेल्या. "दोन घंट्यात उभं होते हे," म्हणाले. "वजन पाहिजे. वारंवार फिरवलं पाहिजे."

मग उलगडा झाला. बंगल्यावरच्या गवत कापायच्या हातमशीनला पात्यांच्या मागे एक लाकडी लाट, म्हणजे गोल रूळ, होती, ती वाळवीने खाऊन कधीचीच गेली होती. ते मशीन कापायचं पण दाबायचं नाही. बाबांनी भंगारातून पाण्याच्या पाइपाचा जाड तुकडा आणला, त्यात ओली रेती ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं मारली, मधून सळई घातली आणि सळईला दोर बांधला. करपलेले ठिगळ आम्ही खोदून काढले आणि माय बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून टोपल्यामागून टोपलं हरळी घेऊन आली. "जिंदगीभर हे उपटलं," ती हरळी दाबत म्हणाली, "आता हे लावून राहिली. पाहा बापा." बाबांनी पात्यांना दगडावर धार लावली. ते मशीन ढकलत पुढे जायचे आणि मागून मी दोर खांद्यावर घेऊन पाइप ओढायची. माझी पावलं मागून येणारा पाइप पुसून टाकायचा. पहिल्या दिवशी माझा पट्टा वाकडा गेला. बाबा म्हणाले, "पायाकडे पाहू नोको. कुंपणाच्या त्या खांबावर नजर ठेव अन् चाल." मी खांबावर नजर ठेवली. सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, परीक्षेला महिना उरलेला असताना, मी गवत झोपवत होते. सातव्या दिवशी व्हरांड्यातून बघितलं तर कॅलेंडर झक मारेल अशी लॉन. मला त्याचा अभिमान वाटला हे कबूल करते, आणि वाटला म्हणून माझी मलाच चीड आली.

मोठे साहेब दुपारी चहाला आले. बरोबर नागपूरची आणखी तीन माणसं. माय बंगल्याच्या स्वयंपाकघरात कप विसळत होती, बाबा धुतलेली टोपी घालून पायऱ्यांशी हात जोडून उभे होते. मला समोर यायचं नाही असं बजावलेलं होतं, म्हणून मी लॉनच्या कोपऱ्यातल्या नळामागे होते. मोठे साहेब खुर्चीत बसले, चष्मा पुसला, समोर बघितलं आणि म्हणाले, "काय हो, तुमची निम्मी लॉन वाळलेली दिसते."

साहेबाचं तोंड उतरलं. मग जे कॅलेंडर त्याने स्वतः टांगलं होतं त्याच्याकडे पाठ करून तो म्हणाला, "माळ्याने खत जास्त घातलं, सर. मी काढतोच आहे त्याला इथून."

आणि बाबा म्हणाले, "हो जी."

तिथे माझं डोकं फिरलं. खोटं त्यांच्यावर घातलं जात होतं आणि ते त्यालाही हो जी म्हणत होते. मी नळामागून निघाले आणि अनवाणी पायांनी सगळे पट्टे आडवे तुडवत थेट पायऱ्यांपाशी गेले. शाळेतली भाषा आणायचा विचार होता, आली ती घरची.

"वाळलं नाही जी साहेब. वाकवलं आहे. तुम्ही त्या टोकाले जाऊन पाहा. इकडून फिकं दिसते ते तिकडून गर्द दिसते."

साहेब माझ्याकडे असा बघत होता, जणू खुर्चीच बोलायला लागली होती. मोठे साहेब मात्र उठले. कप हातात घेऊन लॉनच्या त्या टोकाला गेले, वळून बघितलं, आणि मोठ्याने हसले. मग परत आले, परत गेले. मग बाकीचे तिघे गेले. नंतर साहेबही गेला, कारण सगळे गेले होते. खाणीचा कारभार ज्यांच्या सहीने चालायचा ते पाच पुरुष चहाचे कप सांभाळत गवताच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात होते आणि "अरे, खरंच की" म्हणत होते. त्या दिवसापासून मोठ्या खुर्चीतल्या कोणाही माणसाची मला भीती वाटलेली नाही. मोठे साहेब जाताना साहेबाला म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?" साहेब आधी "हो" म्हणाला, मग "म्हणजे, नाही" म्हणाला.

घरी आल्यावर बाबा माझ्यावर चढले. "तू कायले बोलली वं? मोठ्या लोकांत?"

"तुम्ही काहून नाही बोलले?"

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण चार वर्षांचे हो जी माझ्या तोंडाशी आले होते. मी म्हणाले, "तुमच्यापरीस ते गवत बरं. दोन घंट्यात उभं तरी होते."

माय चुलीपाशी होती, तिचा हात तिथल्या तिथे थांबला. बाबांनी टोपी खुंटीला अडकवली आणि बाहेर जाऊन हात-पाय धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाने त्यांना बोलावलं. मी पुन्हा नळापाशी होते, या वेळी घागर घेऊन. साहेब गोड बोलत होता, तेव्हाच समजायला हवं होतं. मोठे साहेब खूश आहेत, दर महिन्याला पाहुणे घेऊन येणार आहेत. "तुझ्या मुलीला यातलं बरं कळतं," तो म्हणाला. "उद्यापासून तिला रोज बंगल्यावर पाठव. लॉन बघेल, बाईसाहेबांच्या हाताखाली राहील."

"तिची परीक्षा आहे जी साहेब," बाबा म्हणाले.

"परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते. ती इथे आहे तोवर तूही इथे. नाहीतर काल मी सरांना जे सांगितलं तेच करावं लागेल. समजलं?"

मी घागर नळाखाली धरून उभी होते. आता हो जी येणार हे मला माहीत होतं. त्यासाठी बाबांचा जेवढा तिरस्कार लागणार होता तेवढा मी आधीच मनात काढून ठेवला होता. घागर भरून पाणी पायावर आलं.

"नाही जी," बाबा म्हणाले.

"काय?"

"पोरगी नाही येणार. मले खालीच टाका."

त्यांनी कमरेची कातर काढून पायरीवर ठेवली आणि ते घराकडे वळले. वळताना मी त्यांना दिसले असणार, पण ते थांबले नाहीत. घरात जाऊन मायला एवढंच म्हणाले, "डबा भर. उद्यापासून पाळीवर जाणं आहे." माय आधी समजलीच नाही. मग समजली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तूनंच टाकलं बापाले खाली." त्यानंतर परीक्षा होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पहाटे उठून मला चहा मात्र देत होती.

मी पास झाले. डी.एड. केलं, साकोलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, तिथेच निवृत्त झाले. माझं घर, माझी पेन्शन, माझ्या मुलाचं फार्म हाऊस आणि त्याच्यापुढची ती लॉन, सगळं त्या एका नाही जी वर उभं आहे. बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. खोकला पहिल्याच पावसाळ्यात परतला होता. त्या संध्याकाळी मी जे बोलले ते परत घ्यायला मला नऊ वर्षं मिळाली होती, आणि मी ते परत घेतलं नाही. आज उद्या करत राहिले. साहेबाचा, बाईसाहेबाचा, त्या गवताचा तिरस्कार मी जन्मभर नेमाने केला, त्यात कधी चुकारपणा केला नाही. चुकला तो एका माणसाच्या बाबतीत चुकला, आणि त्याची भरपाई बाकीच्यांचा तिरस्कार जास्त करून होत नाही.

डी.एड.च्या सुट्टीत मी घरी आले होते. आम्ही तेव्हा खालच्या वस्तीत राहायचो. दुपारच्या पाळीला बाबांना सोडायला मी बंगल्याच्या रस्त्याने बरोबर निघाले, डबा माझ्या हातात होता. चढावर त्यांना दम लागला म्हणून ते बंगल्याच्या कुंपणाला धरून थांबले. आत नवा माळी होता, दोर खांद्यावर घेऊन आमचा तोच पाइप ओढत होता. बाबा खोकला थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

"वाकडे पट्टे मारून राहिला लेकाचा," ते म्हणाले. "पायाकडे पाहून चालते." मग मान हलवली. त्यांच्या तोंडावर असा तुच्छपणा मी कधीच पाहिला नव्हता, आणि तो इतका माझ्यासारखा होता की मला हसू आलं. तेही हसले.

मग कुंपणावरचा हात काढून ते गवताकडे बघत, अगदी सहज म्हणाले, "दोन घंट्यात उभं होते, नाही वं?"

त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि भोंगा व्हायच्या आत ते खाली गेले.